हिरव्याची ट्यूब

पहिल्याच रविवारी पेणकर सरांनी
माझ्या पेटीतल्या हिरव्याच्या तिन्ही ट्यूबा काढल्या,
आपल्या शबनममध्ये टाकल्या
आणि म्हणाले, हं, आता काढा झाड.

एकतीस वर्षं मी रबाळ्याच्या कारखान्यात शेड जुळवले.
बाकांचा हिरवा, पंपांचा हिरवा, ट्रान्सफॉर्मरचा हिरवा,
ज्याला त्याला नंबर.
थेंबभर काळा जास्त पडला तर
मला वासावरून कळायचं, असं पोरं म्हणत.
आणि इथे येऊरला, पाटोणपाड्याच्या अलीकडे,
या एका कोशिंबासमोर
माझा एकही नंबर लागेना.

काळ्यात लेमन यलो घाला, सर म्हणाले.
घातला. काळ्याच्या पोटातून
शेवाळी हिरवा वर आला,
विहिरीत कळशी सोडल्यावर पाणी हलावं तसा.
एवढी वर्षं तो तिथेच होता
आणि मी त्याला डब्यातून विकत घेत होते.

पानं काढू नका. डोळे बारीक करा.
दिसतात का पानं? नाही ना? मग कशाला खोटं बोलता?
आधी अंधार मांडा, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन,
टर्पेंटाइनने पातळ, चहाच्या डागाइतका.
जवसाचं तेल नंतर, जाड रंग सगळ्यात शेवटी.
उलटं केलंत तर दहा वर्षांनी झाडाला तडे जातील
आणि तेव्हा मी नसेन शिव्या द्यायला.

झिजलेला ब्रश मी फेकायला निघाले
तर माझा हात धरला.
केस फाकलेत, हेच तर हवं.
आडवा टेकवा, जरा दाबा, उचला.
पानं म्हाताऱ्या ब्रशलाच येतात.

आणि भोकं ठेवा, बाई.
पाखरू आरपार गेलं पाहिजे.
पण त्या भोकांतलं आभाळ थोडं मळवा,
नाहीतर झाडात कुणी
लग्नाची रोषणाई केल्यासारखं दिसतं.

दिवाळीनंतर सर आले नाहीत.
टेंभी नाक्याच्या घरी गेले तर खिडकीशी बसलेले,
डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी.
बघा, म्हणाले, ट्यूबेतला.

मार्चमध्ये पुन्हा चढलो दोघं.
कोशिंब नखशिखांत तांबडा,
पोरांचे घोळके त्याच्याखाली फोटो काढत होते.
सर मात्र त्याच्या मागच्या आंब्याकडे बघत उभे.
एक डोळा झाकला. मग दुसरा.
परत पहिला.
याच्यात चहा आहे, म्हणाले, आणि याच्यात आभाळ.
पानांच्या पाठीवर एवढं निळं असतं?
कुणी बोललं कसं नाही?
मग बराच वेळ गप्प.
घरी सत्तेचाळीस झाडं आहेत, सगळी तपकिरी.
मला वाटायचं, माझा हात गंभीर आहे.

मला हसू आलं, मग आलं नाही.
सर, आमच्याकडे एक पेटी होती, मी म्हटलं.
तीच पट्टी उन्हाच्या दिव्यात धरायची,
मग ट्यूबलाइटमध्ये, मग पिवळ्या बल्बखाली.
एका उजेडात जुळलेला शेड
दुसऱ्यात सोयरीक मोडतो.
खोटा कुठलाच नसायचा.
फक्त डब्यावर लिहायला लागायचं, कुठल्या उजेडातला.

ते काही बोलले नाहीत.
शबनममधून तीन ट्यूबा काढून
माझ्या पेटीत ठेवल्या, टोपणं घट्ट चिकटलेली.
मी त्यांना हात लावला नाही.
पांढऱ्यात किंचित अल्ट्रामरीन, त्यात कणभर काळा,
सुरीच्या टोकावर घेतला
आणि आंब्याच्या वरच्या पानांवर
नुसता टेकवला, चोळला नाही.

कुठूनसं एक चिलट आलं
आणि ओल्या सावलीत बसलं ते बसलंच.
काढू का, मी विचारलं.
सरांनी उजवा डोळा झाकून पाहिलं.
राहू दे, म्हणाले,
जागा बरोबर आहे.